इंग्लंडमधल्या खाटकाच्या जुन्या दुकानाच्या टाइल्स: रंग काढणं आणि फुटक्या बदलणं

ओळंबा:
लेस्टरमधलं १९०० च्या आसपासचं खाटकाचं दुकान कॅफेसाठी घेतलंय. दर्शनी खिडकीखालच्या पट्ट्यावर सहा इंची हिरव्या टाइल्स आहेत, मधे बैलाचं डोकं उठावात. निम्म्यांवर ऑइलपेंटचे थर, चार फुटक्या, तळाच्या ओळीत झिलईचे पोपडे निघतायत. कारागीर म्हणतो, ॲसिडने धुऊ आणि खड्डे सिमेंटने भरू. चालेल?

भट्टीकर:
दोन्ही नको. ॲसिड बारीक तड्यांतून आतल्या मातीत मुरतं आणि क्षार मागे ठेवतं. हायड्रोफ्लोरिकवालं क्लीनर तर झिलईच खातं.
पोपडे म्हणजे आत पाणी आहे. झिलईतून ते बाहेर पडत नाही, टाइलींमधल्या दरजांतून पडतं. त्या सिमेंटने बुजवल्या की क्षार झिलईच्या मागेच फुलतात आणि तिला ढकलून देतात, उरलेलं काम थंडीत गोठणारं पाणी करतं. आधी पन्हळ गळते का बघा. तळाचीच ओळ खराब आहे, म्हणजे फुटपाथवरून उडणारं बर्फावरचं मीठही असणार.
रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका. हीट गनही नको, झिलई तडकते. रिमूव्हर जेल एका कोपऱ्यातल्या टाइलवर लावून बघा, वर प्लास्टिक झाका, लाकडी पट्टीने खरवडा. शिंगं, नाकपुड्या यांच्या खाचांत बांबूची काडी आणि जुना टूथब्रश. पॉलिश मशीन अजिबात नको. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन (इंग्लंडमधला जुना टाइल कारखाना) फरशीचा रंग मातीतच असतो, इथे तो फक्त वरच्या पातळ थरात आहे.

चुनखडी:
बदलायच्या टाइलबद्दल. बोटाच्या पेराने वाजवा. बद्द वाजणारी पण अख्खी असेल तर उपटू नका, मागे चुन्याचं पातळ ग्राउट (पोकळी भरणारं पातळ मिश्रण) सोडा. फुटकीच्या दरजा हॅकसॉच्या पात्याने मोकळ्या करा (त्या जेमतेम १ मिमी असतात, ग्राइंडर शेजारणीची कड उडवतो), मधोमध भोकं पाडा आणि छिन्नी मधून कडेकडे चालवा. तुकडे टाकू नका, मागच्या बाजूला कारखान्याचं नाव सापडतं.
मूळ माप १५२.४ मिमी. आजची १५० ची बसवली तर आठांच्या ओळीत १९ मिमीचा फरक पडतो. बैलाचा साचा जुन्या टाइलवरून थेट घेऊ नका. माती सुकताना आणि भाजताना १० टक्के आकसली तर हाती १३७ मिमीची टाइल येते, म्हणून साचा १६९ चा लागतो. श्रॉपशरच्या जॅकफील्डमध्ये क्रेव्हन डनिलच्या जुन्या कारखान्यात आजही अशा टाइल्स घडवतात, तिथे विचारा.
टाइलमागच्या मसाल्याची गादी: हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा) १ भाग, बारीक वाळू २.५ भाग. तापमान ५ अंशांखाली असेल तर थांबा.

भट्टीकर:
आणि छिन्नी उचलण्याआधी काउन्सिलकडे इमारत संरक्षित यादीत आहे का विचारा. असेल तर परवानगीशिवाय केलेलं काम गुन्हा ठरतं.

ओळंबा:
न फुटलेल्या टाइलींवरच्या केसासारख्या तड्यांवर सीलर मारू?

चुनखडी:
नको. सीलर पाणी आतच कोंडतो. मऊ कापड, कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, बस.