मांजरासाठी भंगारातला फीडर: चालेल की नाही?

खटपट्या, मुलुंड
मांजराला वेळेवर खायला घालणाऱ्या यंत्रासाठी काही हजार मोजायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. सकाळची लोकल पकडून रात्री घरी येणाऱ्या माणसाला दुपारचं एक जेवण सांभाळायचंय, एवढंच ना? पीव्हीसी पाइपचा उरलेला तुकडा उभा करायचा, त्यात ड्राय फूड. तळाशी आडवा फिरणारा गोल ठोकळा, त्याला एकच खाच. छोटी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणारी) ठोकळा अर्धा फिरवते. खाच वर असताना भरते, खाली आली की वाटीत रिकामी होते. साठ्यापासून वाटीपर्यंत सरळ रस्ता कधी उघडतच नाही, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी सगळे दाणे बदाबदा सांडत नाहीत. वेळ पाळायला डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल, त्याला स्वतःचा बटण सेल असतो. मोटर, घड्याळ आणि त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून विकत, बाकी सगळं भंगार.

माऊची आई, परळ
दादा, पाइपमध्ये खाणं? पीव्हीसी टिकावं म्हणून आपल्याकडे त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. ती काढून टाकायचे नियम केंद्राने २०२१ मध्ये केले. माळ्यावरचा तुकडा त्याआधीचा की नंतरचा, कोण सांगणार? रंगाच्या बादल्या वापरणारे तर महाभागच. आणि मुंबईचा जुलै विसरलात का? दाणे सादळतात, मग बुरशी धरते, आणि अफ्लाटॉक्सिनसारखं बुरशीचं विष थेट यकृतावर जातं.

खटपट्या, मुलुंड
मग पाइपऐवजी खाण्याच्याच जिनसेची झाकणवाली बरणी उलटी लावा, यंत्र तेच राहतं. साठा एका दिवसापुरता भरला तर सादळायला वेळच कुठे मिळतो? पंधरा दिवसांचा भरून ठेवणाऱ्यांनी मात्र तक्रार करू नये.

सोल्डरबुवा, ग्रँट रोड
दोघंही डब्यावरच अडलात. खरी गोम विजेत आहे. अशा यंत्रात लावतात ती एसजी९० ही छोटी सर्वो मोटर अडली की एकदम जास्त करंट ओढते. ती बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरून चालवली तर व्होल्टेज बसतं, बोर्ड रीसेट होतो आणि तेवढ्या वेळचं जेवण बुडतं. मोटरला मोबाइलच्या जुन्या चार्जरवरून वेगळी वीज द्या, ग्राउंड (उणे टोकाची तार) मात्र दोन्हींचं एकच ठेवा. शिवाय एसजी९०च्या आतल्या गिअरचे दाते प्लास्टिकचे असतात. दाणा खाचेच्या कडेला चेपला की ते तुटतात. थोडे पैसे जास्त गेले तरी धातूच्या दात्यांची एमजी९०एस घ्या आणि खाचेच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावा, दाणा अडकायच्या ऐवजी दबून सरकतो. पॉवर बँकेच्या भरवशावर राहू नका. इतका कमी करंट लागतो की बऱ्याच पॉवर बँका आपल्याला काम नाही असं समजून बंद होतात.

शेजारीण, पार्ले
एवढ्या उपद्व्यापापेक्षा किल्ली शेजारी द्यावी! लोक आधी एका दुपारसाठी लावतात, मग गणपतीला त्याच्याच जिवावर चार दिवस कोकणात जातात. मांजर, त्यातून लठ्ठ असेल तर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. कुत्र्यासारखं ते उपास सोसत नाही. आणि पाणी? मांजराने उलटी केली तर? ते तुमचा ठोकळा बघणार आहे का?

खटपट्या, मुलुंड
ताई, मी दुपारच्या जेवणाबद्दल बोलतोय, तुम्ही चार दिवसांवर नेलंत. आणि सगळ्यांना शेजार असतो असं नाही. आमच्या टॉवरमध्ये समोरच्या दारावरची पाटी तीन वेळा बदलली, माणसं एकदाही दिसली नाहीत.

बोकोबा, भांडुप
वायफायचा ईएसपी८२६६ बोर्ड लावून मोबाइलवर मेसेज घ्या, प्रश्न मिटला.

सोल्डरबुवा, ग्रँट रोड
मिटत नाही. मेसेज फक्त मोटरला हुकूम गेला एवढंच सांगतो. दाणे पडले की नाही हे त्याला कळत नाही. स्क्रीन तडकलेला जुना फोन वाटीसमोर कॅमेरा म्हणून लावा, तोही भंगारातलाच.

बोकोबा, भांडुप
बरं. मग हेच यंत्र सोसायटीच्या जिन्याखाली, भटक्या मांजरांसाठी?

माऊची आई, परळ
अजिबात नको. मांजराच्या आधी उंदीर येतील, आणि पावसात त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो. तिथे खाणं हातानेच घालावं, खाऊन झालं की वाटी उचलावी. घरात लावायला माझी आता ना नाही, पण बरणी रोज धुणार असाल तरच. तेलकट थर बसला की तो खवट होतो आणि मांजर तोंड फिरवतं.

शेजारीण, पार्ले
माझी अजूनही ना आहे.

खटपट्या, मुलुंड
असू द्या. ज्यांना करायचंय त्यांनी खाच आधी कोरू नये. पाकिटावरच्या तक्त्यात मांजराच्या वजनाप्रमाणे दिवसाचे ग्रॅम दिलेले असतात. त्यातला दुपारचा वाटा किचनच्या काट्यावर तोलून एका छोट्या वाटीत घ्या, तेवढं मावेल इतकीच खाच ठेवा. खाण्याचा ब्रँड बदलला की दाण्याचा आकार बदलतो, म्हणून पुन्हा तोला. वाटीखाली पाण्याची परात ठेवा, नाहीतर दुपारी मांजराच्या आधी मुंग्या जेवतील.