मदत हवी आहे: प्रदूषण, फुप्फुसं आणि ब्रोकोलीचे कोंब

हवेतल्या प्रदूषणावर ब्रोकोलीचे कोंब उपयोगी पडतात असं वाचलं. ते शिजवून चालतात का? घरी कसे उगवायचे? की सरळ बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घ्याव्यात? घरातलं एक माणूस सिगारेट ओढतं.

प्रतिसाद १
गोळ्यांचं आधी. सिगारेट ओढणाऱ्याला बीटा कॅरोटीन अजिबात देऊ नका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला (१९९४). बीटा कॅरोटीनचीच अमेरिकेतली कॅरेट नावाची चाचणी याच कारणानं मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर, पालक यांतही बीटा कॅरोटीन असतं, पण ते खायला हरकत नाही, धोका मोठ्या डोसच्या गोळ्यांचा आहे.

प्रतिसाद २
कोंबांचा उपयोग ज्या घटकामुळे सांगतात, ते सल्फोराफेन त्यांत आयतं नसतं. ग्लुकोराफॅनिन हा कच्चा घटक आणि मायरोसिनेज हे एन्झाइम वेगवेगळे असतात, चिरल्यावर एकत्र येतात आणि मग ते तयार होतं. उकळलं की एन्झाइम निकामी. म्हणून ब्रोकोली बारीक चिरून ४० मिनिटं ठेवा, मगच शिजवा. आधीच शिजवली असेल तर गॅस बंद केल्यावर २०० ग्रॅमला १ ग्रॅम कच्च्या मोहरीची ताजी पूड मिसळा. मोहरीतही हेच एन्झाइम असतं. भाजलेली मोहरी नको.

चीनच्या जियांगसू प्रांतात २९१ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली, काहींना कोंबांचं पेय दिलं, बाकीच्यांना कोंब नसलेलं. कोंबांचं पेय घेणाऱ्यांत हवेतल्या प्रदूषणातल्या दोन विषारी रसायनांचा लघवीतून निचरा वाढला: बेंझिनचा ६१ टक्क्यांनी, अ‍ॅक्रोलिनचा २३ टक्क्यांनी (२०१४). पण मोजला तो निचरा. फुप्फुसं वाचली असा अर्थ त्यातून काढू नका. सूक्ष्म धूलिकण तर याने अडत नाहीत, त्याला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा.

प्रतिसाद ३
उगवण्याचं: औषध न लावलेलं, खाण्यासाठीचं बी घ्या. लिटरभराच्या बरणीला दोन मोठे चमचे पुरतात. ८ तास भिजवा, मग दिवसातून दोन-तीनदा धुऊन बरणी उलटी तिरकी ठेवा. पाणी साचलं की कुजतात, बहुतेकांची चूक इथेच होते. तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते. धुतल्यावर ती दबली तर केशमुळं आहेत. तशीच राहिली, कुबट वास आला, तर बुरशी. सगळं फेकून द्या.

कोंब वाढतात त्याच उबदार ओलाव्यात साल्मोनेलाही वाढतो. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे देऊ नका. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण ब्रोकोलीत के जीवनसत्त्व असतं आणि त्यानं या औषधाचा परिणाम कमी होतो.