तुर्कस्तानात आपल्यासारखी मंडळं, संस्था असतात का? तिथं राहिलेल्यांनी सांगावं

पूर्वभाग_मंडळ

नमस्कार. आमच्या तरुण मंडळाची संस्था म्हणून नोंदणी करायची चाललीय. धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या सुरू आहेत, त्यामुळे रोज रात्री कट्ट्यावर संस्था कशाला हवी यावरच बोलणं होतं. परवा त्यातून तुर्कस्तानचा विषय निघाला. एक जण म्हणाला, फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात तिथं साध्या लोकांनीच ढिगारे उपसले. दुसरा म्हणाला, त्या देशात सरकारला विचारल्याशिवाय चार माणसं एकत्र बसू शकत नाहीत. दोन्ही एकदम खरं कसं असेल? आपल्या सोलापूरची बरीच माणसं टॉवेलच्या धंद्यातून तिकडं जाऊन आलीत. कुणी राहिलं असेल तर सांगा.

लूम_जॉबर

दोन्ही खरं आहे. मी 1998 ते 2001 बुर्सा शहरात होतो, टेरी टॉवेलच्या लूमवर.

17 ऑगस्ट 1999, रात्रीचे 3 वाजून 2 मिनिटं. खाट हलली आणि मी मराठीतच ओरडलो, "बाहेर पळा!" किल्लारीच्या वेळी आई असंच ओरडली होती. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आम्ही विसर्जन करून नुकते आडवे झालो होतो. त्या सकाळी सोलापुरात घराघरांतून भाकऱ्या आणि शेंगाचटणी गोळा झाली आणि मी ट्रकवर बसून सास्तूरला गेलो. आम्ही वीस-बावीस वर्षांची पोरं. दगड उचलायचो, पण कुठला आधी उचलायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. एका घरात आम्ही चुकीच्या बाजूनं उपसत होतो. ते मला आजही सलतं.

बुर्साहून कारखान्यातल्या लोकांबरोबर मी भूकंपानं पडलेल्या यालोवा शहरात गेलो. तिथं वेगळं पाहिलं. एक माणूस हात वर करायचा, जनरेटर बंद व्हायचे, सगळा रस्ता गप्प. मग तो ढिगाऱ्याला तोंड लावून हाक मारायचा, "सेसिमी दुयान वार म?" माझा आवाज कुणाला ऐकू येतोय का? आणि थांबायचा. आम्ही सास्तूरला थांबलोच नव्हतो, सगळे एकदम ओरडत होतो.

ही पद्धत पसरवणाऱ्यांत आकूत नावाची संस्था होती. ही मुळात गिर्यारोहकांची. डोंगरात हरवलेल्यांना शोधायला कुणी नसतं म्हणून त्यांनी 1996 मध्ये संस्था काढली. भूकंप आला तेव्हा त्यांचे दोर, सराव, माणसांची यादी सगळं तयार होतं. अधिकृत आकड्यानं 17,000 हून जास्त माणसं गेली त्या भूकंपात, आणि सुरुवातीच्या दिवसांत सरकारी यंत्रणा कुठंय असं लोक उघड विचारत होते. पुढच्याच महिन्यात अथेन्सला भूकंप झाला, तर हेच लोक ग्रीसला गेले. तुर्क आणि ग्रीक यांचं वैर ठाऊक असेल तर हे किती मोठं ते कळेल.

आता दुसरी बाजू. तिथं संघटनेला देर्नेक म्हणतात आणि ती काढायला सात माणसं लागतात. आपला 1860 चा कायदाही सातच मागतो! निधी गुंतवून काढलेल्या संस्थेला वाकुफ म्हणतात, म्हणजे आपला वक्फ हाच शब्द. देर्नेक आज लाखभर आहेत, नोंदवणं अवघड नाही. अवघड आहे ते टिकणं. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर 1983 च्या कायद्यानं परवानगी लागते. 1980 च्या लष्करी उठावानंतर संघटनांना कुलपं लागली होती. 2016 च्या फसलेल्या उठावानंतर वटहुकमांनी हजाराहून जास्त संस्था बंद केल्या. उस्मान कवाला हे कला-संस्कृतीत काम करणारे गृहस्थ 2017 पासून तुरुंगात आहेत, 2022 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. माझ्या मते हा अन्याय आहे आणि मी तो तसाच म्हणेन.

पूर्वभाग_मंडळ

काका, अंगावर काटा आला. पण मग 2023 ला काय झालं? आणि भूकंप नसतो तेव्हा रोजचं काय?

निवृत्त_सिस्टर

मधेच बोलते. मी कुष्ठरोग विभागात नोकरी केली, म्हणून एक नाव माहीत आहे: डॉ. तुर्कान सायलान. इस्तंबूलच्या त्वचारोगतज्ज्ञ. 1976 मध्ये त्यांनी कुष्ठरोगाविरुद्ध संस्था काढली. 1986 चा आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो देणारी गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन आपल्या वर्ध्याची! आनंदवन पाहिलेल्या माणसाला त्यांचं काम समजवावं लागणार नाही. कुष्ठरोग्याच्या जखमा धुताना नातेवाईक दाराबाहेर उभे असलेले मी पाहिलेत, त्या बाईंनीही तेच पाहिलं असणार.

1989 मध्ये त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक संस्था काढली आणि गरीब घरच्या मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या. पूर्वेकडच्या खेड्यांत मुलीची शाळा लवकर सुटते, तिथं हे पोचलं. एप्रिल 2009 मध्ये एका कटाच्या खटल्यात त्यांच्या घराची झडती झाली. तेव्हा त्या कॅन्सरनं शेवटच्या टप्प्यावर होत्या. पुढच्याच महिन्यात, 18 मे रोजी त्या गेल्या. मला त्या झडतीचं वाईट वाटतं ते वाटतंच.

लूम_जॉबर

सिस्टर, हे वर्ध्याचं मला ठाऊक नव्हतं. फार आनंद झाला.

2023 ला तुर्कस्तानात 53,000 हून जास्त माणसं गेली. हालुक लेवेंत या गायकाच्या आहबाप संस्थेकडे लोकांनी भरभरून पैसे दिले. तंबू पाहिजे होते आणि तंबू होते रेड क्रिसेंटकडे, म्हणजे तिथल्या रेड क्रॉसकडे, 1868 पासूनच्या जुन्या मोठ्या संस्थेकडे. तिनं 2,050 तंबू आहबापला 4 कोटी 60 लाख लिराला विकले. बर्फात माणसं उघड्यावर, आणि तंबूची विक्री! देशभर संताप झाला, मे महिन्यात रेड क्रिसेंटच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्या देशात लोक मोठ्या नावापेक्षा हिशेब दाखवणाऱ्याकडे का वळतात ते यात आलं.

रोजचं विचारलंस. माझ्या गल्लीतल्या बेकरीत बाया दोन पावांचे पैसे द्यायच्या आणि एकच न्यायच्या. दुसरा राहिला अडकवलेला. याला म्हणतात आस्कीदा एक्मेक, टांगलेली भाकर म्हण. गरजू येऊन विचारतो, आहे का? आहे म्हटलं की घेऊन जातो. देणारा घेणाऱ्याचं तोंड बघत नाही. खेड्यात पेरणी-कापणीला इमेजे असते, आपल्याकडची इर्जिक जशी. आणि शहरात हेमशेहरी संघ, एका गावच्यांचे. एखादा सिवासचा, एखादा कास्तामोनूचा. गावचा माणूस शहरात वारला तर मयत गावी कशी न्यायची ते हे बघतात. तू सोलापूरच्या पूर्व भागातला, पद्मशाली समाजाची माणसं तेलंगणातून येऊन एकमेकांना कशी धरून राहिली ते तुला सांगायला नको.

माझं मागणं एकच. नोंदणीच्या कागदात उद्देश लिहिताना आपत्ती मदतीचं कलम घाला आणि पोरांना शिकवा. आकूत 1996 ची, भूकंप 1999 चा.

पूर्वभाग_मंडळ

कलम घातलं. काल अग्निशमन केंद्रात जाऊन आलो. शिकवतो म्हणाले, पंधरा नावं मागितलीत. अकरा झाली आहेत, त्यात तीन मुली. काका, पहिल्या दिवशी तुम्ही येऊन ती गप्प राहायची पद्धत दाखवा.