नागपुरात फ्रीडायव्हिंगसाठी जोडीदार कुठं भेटेल?

अंबाझरीकाठ
पोहणं पक्कं आहे. २५ मीटरचा पूल एका श्वासात पाण्याखालून पार होतो. आता फ्रीडायव्हिंग (टाकीविना, एका श्वासात मारायची बुडी) नीट शिकायचं आहे म्हणून क्लब शोधून राहिलो. क्लब नसेलच तर जोडीदार निवडताना काय पाहावं? आणि तोवर खिंडसी किंवा गोरेवाड्यात सराव केला तर चालेल का?

खोलपाणी
तलाव डोक्यातून काढा. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणजे जोडीदार वर असूनही नसल्यासारखाच. शिवाय तळाशी गाळ, झाडांची खोडं, मासेमारीची जुनी जाळी. तोतलाडोह तर व्याघ्रप्रकल्पात, तिथं उतरायचा प्रश्नच नाही.

नागपूरकराच्या हाती राहतो तो पूल. खोलीचा सराव समुद्रावर जाऊन करायचा, आणि तोही कोर्स करूनच. आयडा २, एसएसआय लेव्हल १ किंवा मोल्चानोव्ह्ज वेव्ह १, यातला कोणताही चालेल. बेशुद्ध झालेल्याला वर कसं आणायचं हे या तिन्हींत करवून घेतात. आयडा २ ला स्टॅटिक (पाण्यात स्थिर राहून श्वास रोखणं) २ मिनिटं आणि डायनॅमिक (पाण्याखालून आडवं पोहणं) ४० मीटर लागतं, त्याची तयारी पुलात होऊन जाते. अंदमानात हे कोर्स होतात. तारकर्लीला बहुतेक ठिकाणी स्कूबाच असतं, त्यामुळे आधी विचारून घ्या. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद.

धंतोली_फिन
कोर्सचं पटलं, पण जोडीदार इथंच तयार करावा लागेल. पुलावर सकाळी नियमित येणारे, लाइफगार्डचं प्रशिक्षण झालेले, फिनस्विमिंग करणारे, स्कूबाचं कार्ड असलेले, यांच्यात विचारा. चौघं जमले तरी पुरे.

किती मिनिटं श्वास रोखतो हे विचारूच नका, त्यावरून काहीच कळत नाही. विचारायचं ते हे: मी वर आल्यावर किती वेळ पाहशील? उत्तर ३० सेकंद आलं नाही, तर तो माणूस अजून तयार नाही. वर येऊन पहिला श्वास घेतला तरी तो ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद जातात, आणि पुष्कळ जण नेमके तेव्हाच शुद्ध हरपतात. 'ओके' म्हणून झाल्यावरसुद्धा.

दुसरी परीक्षा पाण्यात. उथळ भागात तुम्ही तळाशी निपचित पडा, त्यानं वर आणायचं. एक हात हनुवटीखाली, तोंड मिटलेलं राहील असा. दुसरा डोक्यामागं. वर आणल्यावर चेहरा पाण्याबाहेर धरून मास्क आणि नोजक्लिप काढायची, डोळ्यांभोवती फुंकायचं, गालावर थोपटायचं, नाव घेऊन 'श्वास घे' म्हणायचं. दहाएक सेकंदांत श्वास आला नाही तर दोन श्वास तोंडानं द्यायचे आणि काठावर घ्यायचं. जोडीदार ६० किलोचा आणि तुम्ही ९० चे असाल तर हे आधीच करून पाहिलेलं बरं. एकदा नाही, दर महिन्याला.

बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणारा भेटला तर त्याला साफ नाही म्हणा. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तात तो आधीच जवळपास भरलेला असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्याचमुळे, म्हणून इशारा न मिळताच माणूस बेशुद्ध होतो. पाणी कंबरेइतकं असलं तरी.

अंबाझरीकाठ
लहान भाऊ चांगला पोहतो. तो काठावर स्टॉपवॉच घेऊन बसला तर? लाइफगार्ड असतोच.

खोलपाणी
काठावर नाही भाऊ, पाण्यात. लाइफगार्डची नजर धडपडणाऱ्याला शोधते, इथं धडपड होतच नाही. माणूस शांत पडलेला दिसतो, आधी होता तसाच. लाइफगार्डला काय करताय ते सांगून ठेवायचं, पण राखण भावाचीच.

स्टॅटिकला त्याचा हात तुमच्या पाठीपाशी हवा. ठरलेल्या वेळेच्या १ मिनिट आधी, मग ३० आणि १५ सेकंद आधी, त्यानंतर दर १५ सेकंदांनी टॅप करायचा. तुम्ही एक बोट उचलायचं. बोट हललं नाही तर लगेच दुसरा टॅप, तरी नाही तर उचलायचं. वाट पाहायची नाही. डायनॅमिकला त्यानं किकबोर्ड घेऊन वरून सोबत राहायचं. दोघांनी एकाच वेळी श्वास रोखायचा नाही, ही अट सगळ्यात आधी मोडते, कारण वाट पाहणाऱ्याला कंटाळा येतो. म्हणून तिसरा असला तर बरं.

बुडीच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती. कमाल मर्यादेचा प्रयत्न दिवसात एकच.

धंतोली_फिन
एक राहिलं. पुलात जमवलेलं पट्ट्यातलं शिशाचं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी जास्त उचलतं, ८० किलोच्या माणसाला सुमारे २ किलोनं. पण तिथं गेल्यावर एकदम २ किलो चढवू नका. आधी साधा श्वास सोडून पाहा, तरी तरंगायलाच पाहिजे. १० मीटर खोली गाठायच्या आधीच आपोआप बुडायला लागलात तर वजन जास्त झालंय.