चिपळूणहून लातूरला आलेय, अजून रुळले नाही. तुम्ही कसं जमवलंत?

प्रश्न :
मी चिपळूणची. कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून लातूरला आले, तीन महिने झाले. घरी दोन्ही वेळा भात. इथं मेसमध्ये ज्वारीची भाकरी, भात शेवटी चमचाभर. शेजारची मुलगी दारात येऊन विचारते, "काय करूलालीस?" पहिल्यांदा वाटलं, रागावलीय. मी बोलले की मुली हसतात, म्हणून वर्गात गप्पच बसते. आईला फोनवर यातलं काही सांगत नाही.

उदगीरची ताई :
बाई, 'काय करूलालीस' म्हणजे तुमचं 'काय करतेस'. त्यात राग नाही, माया आहे. पाणी मात्र जपून वापर. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. आणि येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, घरी पळू नको. मैत्रिणीच्या शेतात जा. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे अन् माठातली गार आंबील. त्या दिवशी परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात.

लातूर ते दापोली :
मी उलटा गेलो होतो. तिकडचा पाऊस थांबेचना, कपडे वाळेनात, रडू यायचं. खोलीतल्या मित्राला भाकरी थापायला शिकवली, त्यानं मला सोलकढी. तिथून बोलणं सुरू झालं. तू मुलींना घावणे करून घाल.

प्रश्नकर्ती :
रविवारी करते. तांदळाचं पीठ आईकडून मागवावं लागेल, म्हणजे तिला आता सगळं सांगतेच.