पहिली युकुलेली: सोप्रानो घेऊ की कॉन्सर्ट? बजेट चार हजार

कळव्याची पेटीवाली
नमस्कार मंडळी. वय ४९, घर कळव्यात, नोकरी ऐरोलीत. लहानपणी सहा वर्षं पेटी शिकले. लग्नानंतर ती माहेरीच राहिली, कारण आमच्या घरात ती ठेवायची कुठे हा प्रश्न आजही सुटलेला नाही. गाणं मात्र सोडलं नाही. भजनी मंडळात गाते, पट्टी काळी चार.

गेल्या महिन्यात भाचीची लाल सोप्रानो, म्हणजे लहान मापाची युकुलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य), मांडीवर घेतली आणि अर्ध्या तासात दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, वाजले. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. पण तिच्या तारा सारख्या उतरत होत्या. नवी कोरी, ऑनलाइन मागवून आठवडाही झाला नव्हता. आणि घोडीकडे सरकत गेलं की सूर चढा लागायचा, अगदी कानाला टोचेल इतका. सगळ्याच स्वस्त युकुलेली अशा असतात का? माझी बोटं जाड आहेत, तर सोप्रानो नकोच का? पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते, लाकडाचं काय होईल? सासूबाई म्हणतात खेळणं आहे, चार हजार कशाला घालवतेस. मला मात्र पुढची वीस वर्षं वाजवायचंय.

नेरूळ पाम बीच
ताई, कॉन्सर्ट घ्या. सोप्रानो २१ इंची, कॉन्सर्ट २३, टेनर २६. दोन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण फ्रेटमधली (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधली) जागा वाढते आणि जाड बोटांना तेवढं पुरतं. आणखी मोठ्या बॅरिटोनच्या वाटेला जाऊ नका, तिच्या तारा गिटारच्या चढ्या सुराच्या चार तारांसारख्या लावतात, त्यामुळे तुम्ही शिकाल ते कॉर्ड तिथे वेगळ्या नावाचे होतात.

भाचीच्या वाद्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. तारा उतरणं हा दोष नाही. नायलॉनच्या नव्या तारा ताणल्या जात राहतात, आठ-दहा दिवस रोज जुळवल्या की थांबतात. वर सूर चढणं हा मात्र वाद्याचाच दोष असू शकतो, आणि तो खुंट्या पिळून जात नाही. म्हणून दुकानात जाऊनच घ्या. प्रत्येक तार आधी मोकळी छेडा, मग बाराव्या फ्रेटवर हलकेच दाबून. तोच सूर वरच्या सप्तकात स्वच्छ यायला हवा. ट्यूनर ॲपही दाखवेल, पण पेटीवर घडलेला कान तुमच्याकडे आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा. चारही तारांवर करा, दुकानदार घाई करत असला तरी. फ्रेटच्या कडांवरून बोटही फिरवून बघा, पत्रा टोचला तर ती नको. आणि कुणी कितीही सांगितलं तरी स्टीलच्या तारा चढवू नका, तो ताण या लाकडाला झेपत नाही.

घंटाळीचा तबलजी
ओलीचं सांगतो. अख्ख्या लाकडाच्या पाटीचा आवाज गोड असतो, पण दमट हवेत ती फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. आपल्याकडे पहिल्या वाद्याला लॅमिनेट बरं, थरांचं लाकड कमी हलतं. भिंतीला टांगू नका, पिशवीत ठेवा.

सासूबाईंना सांगा, खेळणं नाही. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर हवाईच्या ऊसमळ्यांसाठी होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या नुनेस, दियास आणि एस्पिरितु सान्तु या तीन सुतारांनी आपल्या गावच्या छोट्या वाद्यावरून तिथे हे घडवलं.

पेटीवालीसाठी एक गोष्ट. मोकळ्या तारा जी, सी, ई, ए. पांढरी एक हा सा धरला तर प, सा, ग, ध, चारही एकाच सप्तकात. म्हणजे सगळ्यात वरची तार खर्जाची नाही, खर्ज दुसऱ्या तारेवर आहे. सुरुवातीला हात चुकेल. तुमची पट्टी काळी चार, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जीमधले कॉर्ड वाजवा, सूर बरोब्बर तिथे येईल.

कळव्याची पेटीवाली
रविवारी ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तीन कॉन्सर्ट काढायला लावल्या. पहिलीची ए तार बाराव्या फ्रेटवर सरळ सरळ चढी. दुसरी सुरात होती, पण तारा फ्रेटपासून इतक्या उंच की तर्जनी दुखायला लागली. तिसरी घेतली. साधं लॅमिनेट महोगनी, पिशवीसकट ३८०० रुपये. दुकानातल्या दादांनी शांतपणे सगळं करू दिलं, त्यांचे आभार मानूनच निघाले.

डाव्या हाताची नखं कापली. सी, ए मायनर, एफ बसलेत, जी अजून अडखळतोय. काल रात्री सगळे झोपल्यावर कॅपो लावून दोन ओळी म्हटल्या, सासूबाई आतून म्हणाल्या, पुढचं म्हण. पण पुढे डी लागतो आणि माझी तीन बोटं एका फ्रेटमध्ये मावतच नाहीत. तुम्ही काय करता?

नेरूळ पाम बीच
तीन बोटं नकोतच. दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट आडवं टाकून जी, सी, ई एकदम दाबा आणि ए मोकळी राहू दे. बोटाचं पेर किंचित वर उचललेलं ठेवा, नाहीतर ए तार मुकी होते.