बिस्किटाखालचं चिकन: याला मराठीत काय म्हणायचं?

नॉक्सव्हिलकर
मंडळी, एका शब्दापायी घरात फजिती झाली आहे. मी अमेरिकेत, टेनेसीत राहते. इथे थंडीत घरोघरी एक प्रकार होतो. बिडाच्या पसरट, दांडा असलेल्या पॅनमध्ये चिकन, गाजर, मटार आणि दूध-मैद्याचा दाट रस्सा शिजवतात, त्यावर बिस्किटाच्या पिठाचे गोळे मांडतात आणि तो पॅन तसाच ओव्हनमध्ये ढकलतात. वरून खरपूस, खालून रश्शात मुरलेलं. साताऱ्याच्या काकूला कृती हवी होती. मी मराठीत लिहून पाठवली आणि त्यात लिहिलं, 'वर बिस्किटांचा थर द्या.' काकूने दिला. मारी बिस्किटांचा. चीजकेकच्या तळाला बिस्किटाचा चुरा असतो हे तिने कुठेतरी पाहिलं होतं, म्हणून शंकाही आली नाही. बिस्किटं घरी कशी करायची ते माझ्या दुसऱ्या मेसेजमध्ये होतं, तो तिने जेवणं झाल्यावर वाचला. काका ताटावर बसले आणि म्हणाले, "चहा कुठाय?"

इथलं बिस्कीट म्हणजे गोड कुरकुरीत वडी नव्हे. मैदा, बेकिंग पावडर, थंडगार लोणी आणि ताक यांचा मऊ, फुगलेला, खारट गोळा. इंग्रजांच्या स्कोनचा चुलतभाऊ. याला मराठीत काय म्हणू? आणि त्या वरच्या थराला?

सोमवारपेठी
'बिस्कीट' हा शब्दच परका, तिथेच घोळ आहे. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्टुस' म्हणजे शिजवलेलं. सरळ 'द्विपक्व' म्हणा. 'महापौर' या शब्दालाही सुरुवातीला नाकं मुरडणारे होते, आज मुरडतं का कोणी?

मीठमोहरी
'द्विपक्वाचा थर द्या' असं लिहिलं असतं तर काकूंनी पॅन आधी देवापुढे ठेवला असता.

कोशवाचक
सोमवारपेठी, गंमत अशी की तुम्ही शुद्धी करायला गेलात आणि घरचाच माणूस निघाला. लॅटिनचं 'बिस' आणि आपलं 'द्विस्' ही सख्खी भावंडं, आणि 'कोक्टुस' व 'पक्व' एकाच जुन्या धातूपासून आलेले. म्हणजे 'बिस्कीट' आणि 'द्विपक्व' हा एकच शब्द दोन वाटांनी आलेला. तेव्हा त्याला परका तरी कसं म्हणणार?

शिवाय अर्थानेही जमत नाही. टेनेसीचं बिस्कीट एकदाच भाजतात. पुड्यातलं बिस्कीटही एकदाच. खरोखर दोनदा भाजला जातो तो बेकरीतला टोस्ट. आधी पाव, मग कापून पुन्हा भट्टीत. व्युत्पत्तीवर हक्क सांगायचा तर चहात बुडवायच्या टोस्टने सांगावा.

सोमवारपेठी
टोस्ट हाही इंग्रजीच.

मीठमोहरी
आणि पाव पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज. उरलं काय, मीठ?

पत्र्याचा डबा
विषय बेकरीवर आलाच आहे तर सांगतो. आमच्या लहानपणी मे महिन्यात आई घरून मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायची. बिस्किटं 'पाडून' आणायची. किलोवर मजुरी. आम्ही भावंडं पत्र्याचा डबा घेऊन बाहेर ताटकळत उभी. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने ट्रे ओढायचा आणि पहिलं तुटकं बिस्कीट आमच्या हातावर. परवा मुंबईचा मेहुणा म्हणाला, 'पाडणे' हे जिलबीला, बिस्किटं 'करतात'. मी म्हटलं, तू कधी भट्टीपुढे उभा राहिलास? तुमच्याकडे काय म्हणतात?

नॉक्सव्हिलकर
आमच्याकडेही पाडणेच. पण माझा प्रश्न थोडा वेगळा होता.

ओतकाम
मी कोल्हापूरचा, फाउंड्रीत आयुष्य गेलं. ताई, तुम्ही 'बिडाचा पॅन' लिहिलंत हे बेस्ट केलंत. हल्ली सगळे 'कास्ट आयर्न, कास्ट आयर्न' करत फिरतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. कार्बन साधारण २ ते ४ टक्के, म्हणून ते ठिसूळ. घडीव लोखंडाचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला की दोन तुकडे. पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून चुलीवरून थेट भट्टीत न्यायला तेच बरं.

पत्र्याचा डबा
बीड जिल्ह्याशी संबंध असेल का हो? तिथून यायचं म्हणून बीड?

ओतकाम
नाही हो राव. मग पंचधातू पंचवटीहून आला काय?

बिडां-घावणे
आमच्या मालवणात नुसतां 'बिडां' म्हणतत. घावणे बिड्यारच होवचे, नॉनस्टिकार जाळी पडणां नाय. माझी आजी बिडां घासून धुवूक देय नसायची, पुसून तेलाचो हात.

नॉक्सव्हिलकर
इथेही अगदी तेच. सासूचा पॅन सुनेला मिळतो आणि त्याला साबण लावला तर बोलणी बसतात. लॉज म्हणून कंपनी आहे, टेनेसीतल्याच साउथ पिट्सबर्ग गावात, १८९६ पासून. त्या गावात दरवर्षी मक्याच्या पावाचा उत्सवसुद्धा भरतो. पण 'बिडाचा तवा' म्हटलं की काकू सपाट तवा घेईल आणि रस्सा गॅसवर सांडेल. 'कढई' म्हटलं तर बूड गोल.

मीठमोहरी
लंगडी! आजीच्या फडताळात असायची की. सपाट बूड, बुटके काठ, पसरट तोंड. तंतोतंत.

सोमवारपेठी
लंगडीला दांडा नसतो. आणि ती पितळेची, कल्हई केलेली. ओव्हनमध्ये कल्हईचं काय होईल याचा विचार केलात?

ठाणेकर सुगरण
मूळ प्रश्नाला हात घालते. वरून आच देणं आपल्याला नवीन नाही. आमच्या सीकेपी घरांत कोबीचं किंवा कोळंबीचं भानोळं होतं. पूर्वी पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. आज ओव्हनमध्ये करतो. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या विस्तवावर भाजत. तेव्हा 'बेक करा' लिहायची गरज नाही, 'वरखाली आच देऊन भाजा' म्हणा, आणि पदार्थाला 'चिकनचं भानोळं'. काकू चुकणार नाहीत.

कोशवाचक
भानोळ्यात बेसन आणि कोळंबी एकजीव होतात. इथे रस्सा वेगळा, गोळा वेगळा, आणि दोघांची गाठ फक्त सीमारेषेवर पडते. माझ्या मते जवळची वस्तू वरणफळं. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे.

नॉक्सव्हिलकर
वा! इथे तोच रस्सा, तेच गोळे झाकण लावून चुलीवर वाफवले तर त्याला 'चिकन अँड डंपलिंग्ज' म्हणतात. ती तुमची वरणफळं. ओव्हनच्या कोरड्या हवेत ठेवले तर बिस्कीट. फरक फक्त झाकणाचा. एक मात्र सांगते, रस्सा बुडबुडे येईपर्यंत गरम असतानाच गोळे ठेवायचे. गार रश्शावर ठेवले तर वरून तांबूस होतात आणि पोटात कच्चे राहतात. २२० अंश सेल्सिअस, वीस-पंचवीस मिनिटं.

वऱ्हाडी पाहुणा
आमच्याकडं रोडगे हायेत ना भाऊ. गोवऱ्याच्या विस्तवात भाजाचे, वरून तूप, संगं वांग्याची भाजी. त्याले कोणी बिस्कीट म्हणत न्हाई.

मीठमोहरी
रोडग्यात बेकिंग पावडर नसते, पाहुणे.

वऱ्हाडी पाहुणा
त्याच्यानंच तं चांगले लागते.

ठाणेकर सुगरण
आणखी एक. ताई, काकूंना 'कणीक मळा' लिहू नका. मळली की चिवट झाली. या पिठात लोण्याचे हरभऱ्याएवढे खडे राहिले पाहिजेत, ते ओव्हनमध्ये वितळतात, त्यांची वाफ होते आणि पदर सुटतात. 'हलक्या हाताने गोळा करा' एवढंच लिहा. शिवाय तिकडचं ताक म्हणजे विरजण लावून आंबट-घट्ट केलेलं दूध. आपलं पाणीदार ताक ओतलं तर पिठाची खीर होईल. दही थोडं सैल करून घ्या म्हणावं.

सोमवारपेठी
हे सगळं ठीक, पण 'थरा'चं काय? क्रस्टला 'कवच' योग्य.

मीठमोहरी
कवच मोबाइलला असतं. 'खपली' शब्दशः बसते, पण खाणार कोण? 'पापुद्रा' फार पातळ. 'खरवड'?

पत्र्याचा डबा
खरवड पातेल्याच्या बुडाला धरते, वर नाही. दुधाची खरवड उलथण्याने काढून साखर घालून खायची. त्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या.

बिडां-घावणे
भाताची ती करप, दुधाची खरवड.

पत्र्याचा डबा
आमच्यात भाताचीही खरवडच.

नॉक्सव्हिलकर
ताजी खबर. काकूने रविवारी पुन्हा केलं, यावेळी खरे गोळे घालून. ओव्हन नाही, म्हणून कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी-रबर काढून. गोळे फुगले, पण वरून पांढरेफटक. आच खालूनच ना. मग तिने ते उचलून, उलटे करून तव्यावर तुपात शेकले आणि पुन्हा रश्शावर ठेवले. काका दोनदा वाढून घेते झाले. आणि उरलेल्याच्या डब्यावर तिने चिठ्ठी लावली आहे: 'चिकनच्या बट्ट्या'. मला पटतंय. चालवू का?

वऱ्हाडी पाहुणा
बट्टी खानदेशातली. आधी पाण्यात उकडाची, मंग तळाची. उकडली होती का?

कोशवाचक
काही घरांत न उकडता नुसती भाजतात. ती बाटी.

वऱ्हाडी पाहुणा
मंग बट्टी म्हणू नका.

ओतकाम
ताई, त्या कुकरमधलं मीठ पुन्हा भाजीत टाकू नका म्हणावं. आणि बिडाची लंगडी पाहिजे असेल तर ओतून घेता येईल, दांड्यासकट. काकूंना इंचात माप पाठवायला सांगा.

सोमवारपेठी
दांडा लावला की ती लंगडी राहत नाही.